मंगळाच्या चौथ्या पुस्तकावरची चिठ्ठी

भाईंदरच्या आमच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते सरळ कपाटात जात नसे. आधी कुणीतरी एकानं ते वाचायचं, अर्ध्या कागदावर मत लिहायचं आणि ती चिठ्ठी खळीनं कव्हराच्या आतल्या बाजूला चिकटवायची. चिठ्ठीच्या शेवटी दोहोंपैकी एक हवंच: ‘वाचावे’ नाहीतर ‘वाचू नये’. मधलं काही चालत नसे. हा नियम कुणी केला मला माहीत नाही, पण तो माझ्या फार आवडीचा होता. मधलं काही मलाही चालत नसे.

वाचनालय म्हणजे बाजारातल्या एका किराणा दुकानाच्या माडीवरची एक खोली. खाली सुक्या मिरच्यांची पोती, वर आम्ही. कपाटं दोन आणि बाक तीन. थोरामोठ्यांची चरित्रं वाचतानाही शिंका यायच्या. तिथला सगळा कारभार उत्तनचे एक ख्रिस्ती गृहस्थ बघायचे. सगळे त्यांना अंकल म्हणायचे. मुंबईच्या छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवून ते निवृत्त झाले होते आणि आता भाईंदरला मुलीकडे राहात होते. पुस्तक हातात आलं की ते आधी त्याचा वास घ्यायचे, मग पाठ दाबून बघायचे, आणि लेखकाचं नाव सर्वांत शेवटी.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. दिवसा गोडदेवच्या शाळेत पोरांना पाढे शिकवायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायची. विहिरीचा पडका कठडा, धक्क्याच्या निसरड्या पायऱ्या, रेशनच्या रांगेत बायांना होणारी दमदाटी, कशावरही पत्रक. मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनीच. वर ठळक अक्षरांत प्रश्न, खाली तीन आरोप, शेवटी ‘जागे व्हा!’. त्यातले निम्मे आरोप खरे असत आणि उरलेले खरे असायला हरकत नव्हती. धक्क्याच्या पायऱ्या दुरुस्त झाल्या त्या माझ्याच पत्रकामुळे, असं मी आजही म्हणतो.

अशा माणसाकडे अंकलनी मंगळाचं चौथं पुस्तक मत द्यायला दिलं.

ही मालिका म्हणजे आमच्याकडे मोठं प्रकरण होतं. पहिल्या पुस्तकात आपल्याकडची पाच माणसं अग्निबाणात बसून मंगळावर जातात. दुसऱ्यात त्यांना तिथले कालवे सापडतात आणि ते कालवे खणणारी माणसं सापडतात. तिसऱ्यात ती खणणारी माणसं सरदाराविरुद्ध उठतात. पाणी आत सोडणारं मोठं दार एक बाई बंद करते आणि त्या दारापुढे उभी राहते. समोरून सरदाराचं सैन्य येतं. तिथं तिसरं पुस्तक संपतं! असं कुठं संपवतात का? पण संपवलं होतं, आणि नंतर वर्षभर सगळा शुकशुकाट.

वाचनालयात ही पुस्तकं ज्यांनी वाचली त्यांच्या कितीतरी पट माणसांनी ती मिठागरात ऐकली. दर रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी बांधावरच्या चटयांच्या मांडवात जाऊन मोठ्यानं वाचायचो. सुरुवात मी केली ती लोकांना शहाणं करायला. आधी मी त्यांना हक्कांवरचं एक पुस्तक वाचून दाखवलं, तर निम्मी माणसं झोपली. मंगळ सुरू केला आणि कुणी झोपेना. शेजारच्या मिठागरातली माणसंसुद्धा यायला लागली. वाचनालयाचा नियम असा की ‘वाचू नये’ अशी चिठ्ठी लागली की ते पुस्तक मिठागरात न्यायचं नाही आणि मालिकेचा पुढचा भाग मागवायचा नाही. म्हणजे एक अर्धा कागद लिहून मी त्या सगळ्यांचा मंगळ बंद करू शकत होतो.

त्यांतली एक काकी होती. वय पन्नासच्या पुढं, काटक, मिठागरात चिखल तुडवणाऱ्या बायांच्या ओळीत सर्वांत पुढं असणारी. अक्षराची ओळख नाही. पण तिसरं पुस्तक संपल्यापासून ती मला बाजारात दिसली, देवळाजवळ दिसली, की तिचा एकच प्रश्न.

“बाला, त्या उघाडीवरच्या बाईचा काय झाला?”

खाडीचं पाणी आत घेणाऱ्या लाकडी दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. पुस्तकात दुसराच काहीतरी भारदस्त शब्द होता, पण काकीच्या लेखी ती उघाडीच होती.

“पुस्तक आलं की सांगतो काकी.”

“सैन्य आलाय समोर आनि तू पुस्तकाची वाट बगतंस!”

चौथं पुस्तक आलं ते दिवाळीनंतर. लढाईचे दिवस, कागद मिळत नव्हता, त्यामुळे कागद पातळ, पिवळट आणि पलीकडची अक्षरं अलीकडे दिसणारा. बांधणीवाल्यानं कडासुद्धा कापल्या नव्हत्या. पानं दुमडलेली तशीच बांधलेली, वाचणाऱ्यानं आपली आपण सुरीनं कापून घ्यायची. शेवटच्या पानावर प्रकाशकाची सूचना: कागदाच्या टंचाईमुळे पाचवा भाग पुरेशी आगाऊ मागणी आली तरच छापला जाईल, इच्छुकांनी कार्ड टाकावे.

मी घरी जाऊन सुरी घेतली आणि पहिली चाळीस पानं कापून वाचली. चाळीस पानांत काय, तर पाचांपैकी जो मुख्य वीर, तो सरदाराच्या मुलीला बागेत भेटतो. मंगळावर बाग! वर दोन चंद्र. ती हसते, तो हसतो, दोन्ही चंद्र बघतात. आणि सैन्य? उठाव? एका अर्ध्या पानात सरदार ‘मोठ्या मनाने’ खणणाऱ्यांच्या मागण्या मान्य करतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. मोठ्या मनानं! माझं डोकं भणभणलं. वर्षभर माणसांना उन्हात उभं करून ठेवायचं आणि शेवटी मोठ्या मनानं!

पुढचं चाळलं. मधल्या प्रकरणांची नावं बघितली तर ‘क्षारभूमी’, ‘तळ’, ‘ऊन’, अशी. भूगोलाचं पुस्तक वाटावीत. बंद पानांत बोट घालून डोकावलो तर मीठ कसं करतात त्याचं वर्णन. मिठाच्या मधोमध जन्मलेल्या माणसानं मंगळावरचं मीठ का वाचावं? मी शेवट कापला. शेवटी लग्न. पाच-सात पानं नुसतं लग्न.

त्याच रात्री, जेवायच्या आधी, चिठ्ठी लिहून मोकळा झालो. ती माझ्या डोक्यात अजून शब्दाशब्दानं आहे: “लेखकाने श्रमिकांचा विश्वासघात केला आहे. ज्या बाईने दार बंद केले तिचा या भागात मागमूस नाही. संपूर्ण पुस्तकात कष्टकऱ्यांना एक पानही दिलेले नाही. वाचू नये.” तीन आरोप. ‘जागे व्हा’ तेवढं हात आवरून गाळलं.

शनिवारी पुस्तक अंकलच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग पुस्तक आडवं धरून त्याच्या कडेकडे बघितलं, बराच वेळ.

“पुरतं बघितलंस ना रे, पोरा?”

“बघायचंय काय त्यात? मोठ्या मनानं म्हणे!”

“बरं.” त्यांनी खळीची वाटी पुढं सरकवली. “तू लाव चिठ्ठी. पण मिठागरवाल्यांना पुस्तक बंद झालं ते मी कळवणार नाही. उद्या तू जा आणि तूच सांग. पुस्तक घेऊन जा. विचारतील.”

हे नियमात नव्हतं. पण मला त्यात अन्याय असा काही दिसला नाही, उलट लोकांपुढं जाऊन लेखकाला उघडं पाडायची संधी दिसली. मी चिठ्ठी चिकटवली आणि रविवारी दुपारी पुस्तक काखेत मारून निघालो.

ते दिवस तुडवणीचे होते. पावसाळा संपला की मिठागरात आधी जमीन तयार करतात. साचलेलं पाणी काढायचं, चिखल सारखा करायचा आणि बायापुरुषांनी खांद्याला खांदा लावून तो पायांनी तुडवायचा. वाळू द्यायचा, पुन्हा ओलवायचा, पुन्हा तुडवायचा, आठवडेच्या आठवडे. तळ सारवलेल्या ओटीसारखा घट्ट झाला पाहिजे, नाहीतर मिठात माती येते आणि ढीग काळा दिसतो. मी पोचलो तेव्हा मांडवातल्या सगळ्यांच्या पोटऱ्या चिखलानं राखाडी झालेल्या होत्या. काकी पुढं बसली होती. तिच्या मागं मुकादम, बिडी विझवून कानावर ठेवलेला. हा मुकादम म्हणजे माझ्या प्रत्येक पत्रकाची थट्टा करणारा आणि प्रत्येक पत्रक घडी घालून जपून ठेवणारा माणूस.

“आलं!” तो ओरडला. “मास्तरांच्या काखेत मंगल हाय, बसा बसा!”

मी उभ्यानंच भाषण केलं. पुस्तक वाईट आहे. लेखकानं दगा दिला. उठाव अर्ध्या पानात गुंडाळला. पुरावा म्हणून ते अर्धं पान वाचलं, बागेतलं थोडं वाचलं, लग्नाचं वाचलं. लग्नाला बायांना मजा आली, त्यामुळे मी ते लवकर आवरलं.

“आनि उघाडीवरची?” काकी.

“ती नाही, काकी. ह्या पुस्तकात तिचं नावसुद्धा नाही. विसरला तिला.”

 पदराचं टोक घेऊन काकीनं पोटरीवरचा वाळलेला चिखल खरवडायला सुरुवात केली. वर्षभर जिच्यासाठी सैन्य समोर थांबून राहिलं होतं ती मेलीही नव्हती, जिंकलीही नव्हती, नुसती नव्हती. त्या लेखकाचा मला इतका संताप आला की तो भाईंदरला राहात असता तर मी त्याच्या दारावर पत्रक लावलं असतं.

“बगू दे तरी,” ती म्हणाली आणि हात पुढं केला. “वर्सभर थांबले, हात तरी लावते.”

मी पुस्तक दिलं. तिनं ते मांडीवर ठेवलं, उघडलं, दोन-चार पानं उलटली. मग मधे थांबली. अंगठा पानांच्या कडेवरून खालीवर फिरवला.

“बाला, ही पानं शिवलेली का?”

“शिवलेली नाहीत, कापायची असतात ती.”

“मंग तू कापली न्हाय का?”

 मुकादम पुढं सरकला, पुस्तक तिच्या मांडीवरच वाकून बघितलं, आणि एकेक बंद पान बोटानं मोजायला लागला. मोजायचं कारण काहीच नव्हतं. केवळ माझी फजिती लांबवायला तो मोजत होता.

“मास्तर,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “ही पानं तुमी भायेरून वाचली?”

असा हशा पिकला की बांधावरचे बगळे उडाले. मी म्हणालो, तिथं फक्त मिठाचं वर्णन आहे. हे वाक्य मिठागरात, पोटरीभर चिखलातल्या माणसांपुढं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. ते हसत होते म्हणून बरं.

“मिठाचा?” काकीनं पुस्तक माझ्याकडं परत ढकललं. “मंगलावर मीट करतान? वाच!”

मुकादमानं नारळ सोलायचा कोयता आणून दिला. त्या कोयत्यानं मी चौथ्या पुस्तकाचे तीन फर्मे, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं, सगळ्यांसमोर एकेक करून कापली. नीट कापली गेली नाहीत. ते पुस्तक आजही वाचनालयात आहे आणि मधली पानं उंदरानं खाल्ल्यासारखी दिसतात.

मी वाचायला लागलो आणि तिसऱ्याच ओळीला ती आली. दार बंद करणारी बाई. कालव्याचं पाणी आता आपल्या माणसांच्या हातात आहे, तर त्याचं पहिलं काम काय, यावर ती खणणाऱ्यांना गोळा करून बोलत होती. मीठ सरदाराच्या कोठारातून घ्यायचं नाही, आपलं आपण करायचं, असं तिचं म्हणणं. मग अठ्ठेचाळीस पानं ती माणसं आटलेल्या समुद्राच्या काठी मिठागर बांधत होती. बांध घालतात, फुटतो, पुन्हा घालतात. कष्टकऱ्यांना एक पानही दिलेलं नाही असं मी लिहिलं होतं. त्यांच्याखेरीज त्या पानांत दुसरं कुणी नव्हतं.

काकी डोळे मिटून ऐकत होती. ती बाई आली तेव्हा तिनं एकदाच मान हलवली, शेजारच्या बाईनं निरोप पोचवल्यावर हलवतात तशी, आणि पुन्हा डोळे मिटले. मी तळाच्या प्रकरणाशी आलो. मंगळावरच्या बायकापुरुषांनी ओळ धरली आणि चिखल तुडवायला लागले.

“थांब,” काकी म्हणाली. “ह्ये खोटा हाय.”

“काय खोटं?”

“पयल्या पुस्तकान तूच वाचलास ना, तिथं मानूस हलका व्हतो? इथं दीड मन भरतो तो तिथं बावीस का तेवीस शेर. उडी मारली का झाडावर. मंग तो हलका मानूस तुडवनार कसा? पाय रुतायलाच नको?”

खरंच की! मी शाळामास्तर. तीन पुस्तकं मी वाचली, मोठ्यानं वाचली, काही भाग दोनदा, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मुकादम म्हणाला, “चिखलपन हलकाच असंल ना तिथं.” त्यावर काकी म्हणाली, चिखल हलका असो नाहीतर कापूस असो, दाबायला वजन लागतं, तू कधी ओळीत उतरलायस का, बांधावर उभा राहून बिडी ओढणारा तू. 

आणि मी, सांगायला लाज वाटते, खूश झालो. लेखकाची चूक सापडली! पानं कापायची राहिली ते राहिलं, पण चिठ्ठीतला निकाल तर टिकला. मी म्हणालो, “बघा, म्हणूनच मी म्हणत होतो.”

“पान उलट आदी,” काकी म्हणाली.

पान उलटलं. पुढच्या पानावर त्या बाईच्या लक्षात येतं की तळ बसत नाही. तीन दिवस तुडवून पाणी सोडलं तरी ते खाली जिरतं. ती एका रात्रीत विचार करते आणि सकाळी सगळ्यांच्या कमरेला दगड बांधते. मांडवात एकच गलका झाला. दोघंतिघं काकीच्या पाठीवर थापा मारायला लागले, जणू दगड तिनंच बांधले. मी पुस्तक खाली केलं. ज्या माणसाला मी विश्वासघातकी म्हटलं होतं त्यानं कुठल्यातरी मिठागरात जाऊन पाय चिखलात घातले असणार, आणि मी तिथंच वाढलेला, मी ती पानं उघडलीसुद्धा नव्हती.

काकी मात्र खूश नव्हती.

“कमरेला? कमरेला दगड बांदला तं मांडी उचलंल कशी? डोक्यावर पायजे. पाटीन दगड भरायचा, पाटी डोक्यावर. मान सरल, पाय सरल.”

“डोक्यावरनं पडंल,” मुकादम म्हणाला.

“तुझ्या पडंल!”

आणि ती उठली. दोन बायांना घेऊन तिनं बांधावरचे दगड पाट्यांत भरले, पाट्या डोक्यावर चढवल्या आणि भर दुपारी, सुट्टीच्या वेळात, त्या तिघी तळात उतरून तुडवून दाखवायला लागल्या. मुकादमानं कमरेला धोतराच्या सोग्यानं एक दगड बांधला आणि शेजारी उतरला. वीस पावलांत सोगा सुटला. दगड त्याच्या पायावर पडता पडता राहिला. निकाल लागला.

संध्याकाळी मी माडीवर गेलो. अंकल कपाटाला किल्ली लावत होते. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यांनी पुन्हा कडेकडे बघितलं.

“कोयता?”

“कोयता.” मग मी रागानंच विचारलं, “तुम्हाला काल दिसलं होतं ना?”

“तीस वर्षं फर्मे बघितले, पोरा. बंद फर्मा मला टेबलापलीकडून दिसतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू इथं बसून ती पानं कापली असतीस आणि चिठ्ठी तीच ठेवली असतीस.” ते हसले. “खरं की खोटं?”

खरं होतं. 

ओल्या फडक्यानं जुनी चिठ्ठी काढायला अर्धा तास लागला. खळ चांगली होती. नवी लिहिली: “उठावाचा निकाल अर्ध्या पानात लावला आहे. तो भेकडपणा आहे आणि तो लिहिताना लेखकाला लाज वाटायला हवी होती. बाग आणि लग्न अनावश्यक. मधली अठ्ठेचाळीस पाने मी न वाचता मत दिले होते, ते मागे घेतो. ती पाने उत्तम आहेत. वाचावे.” अंकल म्हणाले, एवढी लांब चिठ्ठी ह्या खोलीत कुणी लावलेली नाही. मी म्हणालो, एवढी चूकही कुणी केलेली नाही.

भेकडपणाबद्दल मी तेव्हाही माघार घेतली नाही आणि आजही घेत नाही. माणसं मीठ सुरेख करतात म्हणून सरदार मोठ्या मनाचा ठरत नाही.

पाचव्या भागाच्या मागणीचं कार्ड मी पुढच्या रविवारी मिठागरातच लिहायला घेतलं. पत्ता लिहिला, ‘एक प्रत पाठवावी’ लिहिलं, आणि म्हटलं लेखकाला काही सांगायचं असेल तर सांगा, प्रकाशक पोचवतील. काकी माझ्या शेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली. दगड डोक्यावर. पाटी बांबूची, पत्र्याची नको. ओळीत उंच माणूस कडेला ठेवायचा. पाणी एकदम सोडायचं नाही, आधी बोटभर. त्या बाईला एक सुपारी देत जा, इतकं काम करते. मी लिहीत गेलो, अक्षर लहान करत गेलो. कार्ड भरत आलं तरी तिचं संपेना. शेवटी मी म्हणालो, काकी, मला त्या अर्ध्या पानाबद्दल दोन कडक ओळी लिहायच्या आहेत, जागा ठेवा.

तिनं कार्डावर वाकून बघितलं. अक्षरं कळत नव्हती, पण कोरा कागद कळत होता. खालच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा उरली होती.

“लिव ना तुजा बी,” ती म्हणाली. “बारीक लिव.”

मी बारीक लिहिलं.